प्रकाश-अपवर्ती बहुवारिके

प्रकाश-अपवर्ती बहुवारिके अथवा फोटोरिफ्रॅक्टिव्ह पॉलिमर हे सेंद्रिय पदार्थ आहेत. त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता जागोजागी वेगळी असेल, तर त्यांचा अपवर्तनांकही त्यानुसार जागोजागी बदलतो, आणि सर्वत्र सारखा प्रकाश टाकल्यास तो पूर्ववत होतो. या गुणधर्मामुळे त्यांच्या पातळ थरात होलोग्राम नोंदवता येतो, पाहता येतो, पुसता येतो आणि त्याच जागी दुसरा नोंदवता येतो. या क्रियेत रासायनिक धुलाईची गरज पडत नाही. असे पहिले बहुवारिक १९९१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या अल्माडेन संशोधन केंद्रात तयार झाले. २००८ आणि २०१० मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी या वर्गातील पदार्थांपासून पुन्हा लिहिता येणारे त्रिमितीय पडदे करून दाखवले, तेव्हा हा विषय प्रयोगशाळेबाहेरही चर्चेत आला.

संकल्पना

भारतातील मतदार ओळखपत्रावर किंवा बँकेच्या कार्डावर दिसणारा चकचकीत होलोग्राम साच्याने उठवलेला असतो. त्यातील आकृती कायमची असते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती तशीच असावी लागते. छायाचित्रणाच्या फिल्मसारख्या चांदीयुक्त पायसावर घेतलेला होलोग्रामही एकदा धुतला की बदलत नाही. बदलत्या त्रिमितीय चित्रासाठी, मग ते शस्त्रक्रियेपूर्वी पाहायचे शरीराचे अंतरंग असो वा दूरवरच्या व्यक्तीची प्रतिमा, पाटीसारखे माध्यम हवे असते. प्रकाश-अपवर्ती बहुवारिक हे अशा पाटीच्या शोधातून पुढे आलेले माध्यम आहे.

प्रकाशामुळे अपवर्तनांक बदलणारा प्रत्येक पदार्थ या वर्गात मोडत नाही. प्रकाशबहुवारिक अथवा फोटोपॉलिमर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांत प्रकाशामुळे लहान रेणू जोडले जाऊन साखळ्या तयार होतात; ही रासायनिक क्रिया परत फिरवता येत नाही. नावांतील साम्यामुळे या दोहोंची वारंवार गल्लत केली जाते. प्रकाश-अपवर्ती परिणामात रासायनिक बदल होत नाही. प्रकाशाने विद्युत प्रभार मोकळे होतात, ते जागा बदलून दुसरीकडे अडकतात, त्यांच्यामुळे पदार्थाच्या आत विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि त्या क्षेत्रामुळे अपवर्तनांक बदलतो. ही चारही पावले घडली तरच पदार्थ प्रकाश-अपवर्ती म्हणवला जातो.

स्फटिकांतील पूर्वेतिहास

या परिणामाचा शोध एका अडचणीतून लागला. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन आणि त्यांचे सहकारी लिथियम नायोबेट आणि लिथियम टँटालेट या स्फटिकांतून लेसर किरण पाठवत होते. काही वेळाने किरण विस्कटू लागला. किरणाच्या वाटेवर स्फटिकाचा अपवर्तनांक बदलत होता आणि किरण बंद केल्यावरही तो बदल टिकून राहत होता. संशोधकांना हे स्फटिक अन्य कामासाठी हवे होते; त्यामुळे त्यांच्या लेखी ही प्रकाशाने झालेली इजा होती आणि प्रारंभीच्या साहित्यात तिचा उल्लेख याच नावाने होतो. ॲश्किन यांना पुढे २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र प्रकाशीय चिमट्यासाठी.

१९६८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील एफ. एस. चेन, जे. टी. लामाकिया आणि डी. बी. फ्रेझर यांनी ही 'इजा' होलोग्राम साठवण्यासाठी वापरून दाखवली. १९७९ मध्ये कीव्ह येथील निकोलाय कुख्तारेव्ह आणि सहकाऱ्यांनी प्रभारांच्या हालचालीची समीकरणे मांडली. आजही या विषयातील आकडेमोडीची सुरुवात बहुधा त्यांच्यापासूनच होते. बेरियम टायटेनेट, बिस्मथ सिलिकेट अशा इतर स्फटिकांवरही पुष्कळ काम झाले. परंतु मोठे व निर्दोष स्फटिक वाढवणे हे सावकाश आणि खर्चिक काम आहे. हातभर रुंदीचा पडदा स्फटिकातून कापून काढणे व्यवहारात शक्य नव्हते.

बहुवारिकांकडे

स्फटिकांची दुसरी मर्यादा मूलभूत आहे. विद्युत क्षेत्राला जोरदार प्रतिसाद देणाऱ्या अकार्बनी स्फटिकांचा पराविद्युत स्थिरांकही मोठा असतो. त्यामुळे अडकलेल्या प्रभारांचे क्षेत्र पदार्थाच्या आत दुबळे होते आणि एका बाजूने मिळालेला लाभ दुसऱ्या बाजूने जातो. सेंद्रिय पदार्थांत प्रतिसाद येतो तो एकेका रेणूच्या असममित रचनेतून. तेथे पराविद्युत स्थिरांक लहानच राहतो आणि प्रभारांचे क्षेत्र फारसे दबले जात नाही. शिवाय बहुवारिक वितळवून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबता येते, त्याचा हवा तेवढा मोठा थर करता येतो आणि त्यातील घटक बदलून गुणधर्म जुळवता येतात.

१९९० मध्ये झुरिच येथील स्वित्झर्लंडच्या संघीय तंत्रविज्ञान संस्थेत सेंद्रिय स्फटिकात हा परिणाम दिसला. पुढच्याच वर्षी स्टीफन डुशार्म, जे. सी. स्कॉट, आर. जे. ट्वीग आणि डब्ल्यू. ई. मोर्नर यांनी एका इपॉक्सी बहुवारिकात प्रभार वाहून नेणारे रेणू मिसळून पहिले प्रकाश-अपवर्ती बहुवारिक सिद्ध केले. त्यातून वळणाऱ्या प्रकाशाचा वाटा अत्यल्प होता, पण तत्त्व सिद्ध झाले. मोर्नर यांना २०१४ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेही दुसऱ्या विषयातील, म्हणजे एकेका रेणूच्या प्रकाशावर आधारलेल्या अतिसूक्ष्मदर्शनातील कामासाठी.

हा शोध आयबीएममध्ये लागण्यामागे कारण होते. प्रकाश पडल्यावर प्रभार वाहू देणारी सेंद्रिय द्रव्ये ही छायाप्रत यंत्रांची गरज होती. तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातले यंत्र ज्या तत्त्वावर चालते, त्यात प्रकाश पडलेल्या जागचा प्रभार वाहून जातो आणि उरलेल्या प्रभाराला शाईची भुकटी चिकटते. आयबीएमने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या छायाप्रत यंत्रात पॉलिव्हिनाइल कार्बाझोल आणि ट्रायनायट्रोफ्लुओरिनोन यांचे मिश्रण वापरले होते. आधी ही जोडी कागदांच्या प्रती काढण्यासाठी वापरली गेली. नंतर तीच होलोग्राम नोंदवणाऱ्या मिश्रणांचा पाया बनली.

निर्णायक टप्पा १९९४ मध्ये आला. ॲरिझोना विद्यापीठात क्लाउस मीअरहोल्झ, बर्नार्ड किपेलेन, नासर पेघंबारियन आदींनी याच जोडीत एक अझो रंजक आणि मिश्रण मऊ करणारे एथिलकार्बाझोल घातले. सुमारे १०५ मायक्रोमीटर जाडीच्या थरातून ८६ टक्के प्रकाश होलोग्रामकडे वळला. उरलेला प्रकाश शोषण व परावर्तन यांत खर्च झाल्याने आतील कार्यक्षमता जवळजवळ १०० टक्के मानली गेली. तीन वर्षांपूर्वी जेमतेम मोजता येणारा परिणाम आता उत्तम स्फटिकांच्या बरोबरीला आला होता.

कार्यपद्धती

एकाच लेसरपासून काढलेले दोन किरण थरावर एकमेकांना छेदतात, तेव्हा व्यतिकरणामुळे उजेड-अंधाराचे समांतर पट्टे तयार होतात. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेसरचे दोन किरण हवेत परस्परांशी १० अंशांचा कोन करत असतील, तर लगतच्या दोन उजळ पट्ट्यांतील अंतर सुमारे ३ मायक्रोमीटर भरते. होलोग्राममध्ये यांपैकी एक किरण वस्तूवरून आलेला असल्याने पट्टे सरळ न राहता वेडेवाकडे होतात आणि त्या वाकडेपणातच वस्तूच्या खोलीची माहिती असते.

उजळ पट्ट्यात संवेदक रेणू प्रकाशकण शोषून शेजारच्या वाहक रेणूकडून एक इलेक्ट्रॉन घेतो. वाहक रेणूवर राहिलेली रिकामी जागा, म्हणजेच धनप्रभारित 'विवर', एका वाहक रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. बाहेरून लावलेले विद्युत क्षेत्र तिला एका दिशेला ढकलते. अंधाऱ्या भागात पोहोचल्यावर ती एखाद्या सापळ्यात अडकते. अशा रीतीने उजळ पट्ट्यांत ऋण आणि अंधाऱ्या भागांत धन प्रभार साठतो, आणि त्यांच्या दरम्यान पट्ट्यांच्याच मापाचे विद्युत क्षेत्र उभे राहते.

या क्षेत्राला रंजक रेणू दोन प्रकारे प्रतिसाद देतात. पहिला प्रतिसाद रेणूतील इलेक्ट्रॉनांचा. तो तत्काळ होतो पण दुबळा असतो. दुसरा संपूर्ण रेणूचा. रंजक रेणू लांबट असतो, त्याच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण प्रभाराचा कल असतो आणि मिश्रण पुरेसे मऊ असेल तर तो क्षेत्राच्या दिशेला वळतो. रेणूंच्या लांबीच्या दिशेने व आडव्या दिशेने अपवर्तनांक वेगळा असल्यामुळे या वळण्याने अपवर्तनांकात मोठा फरक पडतो. मोर्नर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या दुसऱ्या प्रतिसादाचे स्पष्टीकरण दिले. उच्च कार्यक्षमतेच्या जवळजवळ सर्व बहुवारिकांचे यश त्यावर उभे आहे.

रेणू वळायचे तर बहुवारिक काचेसारखे ताठ असून चालत नाही. पॉलिव्हिनाइल कार्बाझोल सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत ताठ राहते. म्हणून त्यात मऊ करणारे द्रव्य घालून हे तापमान खोलीच्या तापमानाजवळ आणतात. या एका निर्णयाचे परिणाम दूरवर जातात. मिश्रण जितके मऊ, तितके रेणू चटकन वळतात आणि प्रतिमा लवकर उमटते. पण ती तितक्याच लवकर विरतेही. त्यातच मऊ मिश्रणात रंजक रेणू हळूहळू एकत्र येऊन स्फटिक धरू लागतात आणि थर धुरकट होतो. झटपट लिहिणे, दीर्घकाळ टिकणे आणि मिश्रणाचे आयुष्य यांची ही ओढाताण या क्षेत्रातील बहुतेक संशोधनाचा खरा विषय आहे.

प्रभार एका दिशेला सरकत असल्याने अपवर्तनांकाचे पट्टे प्रकाशाच्या पट्ट्यांवर तंतोतंत बसत नाहीत. ते थोडे बाजूला सरकलेले असतात. या सरकण्यामुळे दोन किरणांपैकी एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि एक किरण दुसऱ्याच्या खर्चाने प्रखर होतो. प्रकाशामुळे अपवर्तनांक बदलण्याच्या इतर सामान्य मार्गांत असे स्थिर सरकणे आढळत नाही. म्हणून नवा पदार्थ खरोखर प्रकाश-अपवर्ती आहे की नाही, हे ठरवताना ही देवाणघेवाण निर्णायक पुरावा मानली जाते. किती प्रकाश वळला एवढेच मोजून केलेला दावा पुरेसा नसतो.

थराची मांडणीही नेहमीपेक्षा वेगळी असते. विद्युत क्षेत्र पारदर्शक विद्युतअग्रांमधून थराला काटकोनात लावलेले असते. दोन्ही किरण समोरून सारख्या कोनात आले तर प्रभारांना पट्टे ओलांडायला क्षेत्राची मदत मिळत नाही. यासाठी थर किरणांच्या संदर्भात तिरका धरावा लागतो. तयार होणारे जालक जाड असते. पातळ जालकातून प्रकाश अनेक दिशांना फुटतो. या स्थितीला चंद्रशेखर वेंकट रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ यांच्या १९३५-३६ मधील ध्वनितरंगांवरील सिद्धांतामुळे रामन-नाथ विवर्तन म्हणतात. जाड जालकात ब्रॅगच्या अटीनुसार प्रकाश एकाच दिशेला वळतो, आणि त्यामुळेच १०० टक्क्यांच्या जवळपासची कार्यक्षमता शक्य होते.

मिश्रणातील घटक

एकाच पदार्थात सगळी कामे बसवण्याचे प्रयत्न झाले असले, तरी बहुतांश उपयुक्त नमुने मिश्रणेच आहेत. मुख्य भाग प्रभारवाहक बहुवारिकाचा असतो. आरंभी त्यासाठी पॉलिव्हिनाइल कार्बाझोल वापरत. पुढे ट्रायॲरिलअमीन गट असलेली बहुवारिके आली, ज्यांत विवरे अधिक वेगाने सरकतात. वजनाने साधारण चौथा ते तिसरा हिस्सा रंजकाचा असतो. रंजकाने क्षेत्राला जोरदार प्रतिसाद द्यावा, पण लेसरचा प्रकाश मात्र फारसा शोषू नये, अशी दुहेरी अपेक्षा असते आणि ती पुरवणारे रेणू थोडे आहेत. संवेदक मात्र चिमूटभर, बहुधा एखाद्या टक्क्याइतका वा त्याहूनही कमी लागतो. ट्रायनायट्रोफ्लुओरिनोननंतर या जागी ६० कार्बन अणूंचा फुलरीन आणि त्याची संयुगे लोकप्रिय झाली.

थरावर लावले जाणारे क्षेत्र सामान्यतः दर मायक्रोमीटरला ५० ते १०० व्होल्ट असते. आकडा लहान वाटतो, परंतु १०० मायक्रोमीटर जाडीच्या थरासाठी त्याचा अर्थ ५,००० ते १०,००० व्होल्ट असा होतो. घरातील २३० व्होल्ट पुरवठ्याच्या तुलनेत हे विभवांतर २० ते ४० पटींहून अधिक आहे. विद्युतधारा नगण्य असली, तरी थरात धुळीचा कण वा हवेचा बुडबुडा राहिल्यास ठिणगी पडून नमुना कायमचा निकामी होतो.

त्रिमितीय पडदा

संपूर्ण होलोग्राम संगणकाने बिंदू-बिंदू रचायचा, तर १० सेंटिमीटर लांब-रुंद पडद्यावर अर्ध्या मायक्रोमीटरच्या अंतराने सुमारे ४,००० कोटी बिंदू भरावे लागतील. हा भार टाळण्यासाठी होलोग्राफिक स्टिरिओग्राम ही युक्ती वापरतात. वस्तूची वेगवेगळ्या कोनांतून सपाट चित्रे घेतली जातात. संगणक त्यांची फेरमांडणी करतो आणि पडद्याच्या प्रत्येक लहान तुकड्यावर, ज्याला होगेल म्हणतात, त्या जागेवरून निरनिराळ्या दिशांना जे दिसायला हवे ते एकत्र नोंदवले जाते. पाहणाऱ्याचे दोन डोळे वेगळ्या दिशांना असल्याने त्यांना वेगळी चित्रे मिळतात व खोली जाणवते; डोके हलवल्यास वस्तूची बाजू दिसू लागते. चष्मा लागत नाही.

सावाश ताय, पिएर-अलेक्झांडर ब्लांश, पेघंबारियन आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'नेचर' नियतकालिकात असा पडदा सादर केला. त्यासाठीचे बहुवारिक ॲरिझोना विद्यापीठ आणि जपानी निट्टो डेन्को समूहाची अमेरिकेतील तंत्रशाखा यांनी मिळून विकसित केले होते. पडदा ४ इंच लांब व ४ इंच रुंद होता. या प्रकारच्या पदार्थाचा तोवरचा तो सर्वांत मोठा पडदा. काही मिनिटांत संपूर्ण चित्र लिहिले जाई, ते कित्येक तास पाहता येई आणि हवे तेव्हा पुसून नवे लिहिता येई. लिहिताना विभवांतर सुमारे ९,००० व्होल्टपर्यंत चढवून प्रभारांना वेग द्यायचा आणि नंतर ते ४,००० व्होल्टवर आणून चित्र टिकवायचे, अशी पद्धत त्यात वापरली होती. लिहिण्याचा वेग आणि टिकण्याचा काळ यांची वर सांगितलेली ओढाताण पदार्थ न बदलता केवळ विभवांतराच्या खेळाने सैल करण्याचा हा उपाय प्रस्तुत प्रयोगातील सर्वांत कल्पक भाग म्हणावा लागेल. चित्र एकरंगी होते आणि खोली केवळ आडव्या दिशेत जाणवे.

या मांडणीत एक अडथळा उरला होता. अखंड लेसरने होगेल लिहिताना काही काळ सर्व उपकरणे तरंगलांबीच्या अंशाइतकीही हलता कामा नयेत. अन्यथा पट्टे पुसट होतात. पायांखालून गेलेल्या मालमोटारीची थरथरही पुरेशी ठरते. २०१० मध्ये ब्लांश आणि सहकाऱ्यांनी अखंड लेसरऐवजी सेकंदाला ५० स्पंद देणारा लेसर वापरला. प्रत्येक स्पंद सुमारे ६ नॅनोसेकंदांचा होता. सेकंदाला एक मीटर वेगाने हलणारी वस्तूही तेवढ्या काळात केवळ ६ नॅनोमीटर सरकते, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. कंपनांचा प्रश्न त्यामुळे मिटला. प्रत्येक स्पंदाला एक होगेल या हिशेबाने १०० होगेल दोन सेकंदांत लिहून होत.

याच प्रयोगात एका ठिकाणी १६ कॅमेऱ्यांनी व्यक्तीची चित्रे टिपून ती संगणकजालातून दुसरीकडे पाठवण्यात आली आणि तेथे दर दोन सेकंदांनी तिचा नवा होलोग्राम लिहिला गेला. संशोधकांनी त्याला त्रिमितीय दूरोपस्थिती म्हटले. बहुरंगी चित्रे आणि उभ्या-आडव्या दोन्ही दिशांतील खोलीही त्यांनी स्वतंत्रपणे दाखवली. वृत्तपत्रांनी याची तुलना 'स्टार वॉर्स' चित्रपटातील राजकन्या लीयाच्या प्रतिमेशी केली. चित्रपटातील प्रतिमा हवेत तरंगते; येथे ती पडद्याच्या आतबाहेर दिसते, पण पडद्याच्या चौकटीबाहेरून पाहता येत नाही. आणि सलग हालचाल दिसण्यासाठी सेकंदाला किमान २४ चित्रे हवीत, म्हणजे त्या वेळच्या वेगाच्या सुमारे ५० पट.

जपानमधील क्योटो तंत्रविज्ञान संस्थेत नाओतो त्सुत्सुमी आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. कार्बाझोल आणि रंजक गट एकाच रेणूत जोडून तो पारदर्शक ॲक्रिलिक बहुवारिकात विखुरला, की बाहेरून विद्युत क्षेत्र न लावताही पुन्हा लिहिता येणारा होलोग्राम मिळतो, असे त्यांनी दाखवले. उच्च विभवांतराची गरज संपत असल्याने मोठ्या पडद्यांच्या दृष्टीने हे काम महत्त्वाचे आहे.

प्रतिमाकरणातील उपयोग

लोकांच्या नजरेत पडदा भरतो. तरी या पदार्थांचे काही उपयोग पडद्याशी संबंधित नाहीत. दूध किंवा शरीरातील ऊती यांसारख्या धूसर माध्यमातून जाताना बहुतांश प्रकाश विखुरतो. फार थोडा प्रकाश सरळ जातो, आणि माध्यमात लपलेल्या वस्तूची स्वच्छ सावली केवळ त्यातच असते. विखुरलेला प्रकाश लांबच्या वाटेने उशिरा पोहोचतो. अल्प सुसंगतता असलेला प्रकाश वापरल्यास संदर्भ किरणाशी वेळेवर आलेल्या प्रकाशाचेच व्यतिकरण होते. प्रकाश-अपवर्ती थर तीव्रतेच्या पट्ट्यांनाच प्रतिसाद देतो, सारख्या उजेडाला नाही. त्यामुळे तो विखुरलेला प्रकाश आपोआप गाळतो आणि वस्तूची प्रतिमा नोंदवतो. १९९८ मध्ये बहुवारिकाच्या साहाय्याने असे प्रतिमाकरण करून दाखवण्यात आले. ऊतींत लाल व अवरक्त प्रकाश अधिक खोल जातो. म्हणून त्या तरंगलांबींना संवेदनशील मिश्रणे बनवणे हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे.

१९९६ मध्ये 'नेचर'मध्येच सुरक्षा तपासणीसाठी आकृती ओळखणारी एक प्रकाशीय यंत्रणा प्रसिद्ध झाली. दोन आकृत्या बहुवारिकात एकत्र आणल्या की त्यांच्या साम्यानुसार प्रखर ठिपका मिळतो आणि संगणकाला करावी लागणारी तुलना प्रकाशच करतो. कंप पावणाऱ्या पृष्ठभागांचे निरीक्षण आणि वस्तू न फोडता तिच्यातील तडे शोधणे यांसाठीही हे पदार्थ आजमावले गेले आहेत. अंकीय कॅमेरे आणि संगणक स्वस्त होत गेल्यावर यांपैकी काही कामांतील त्यांचा तुलनात्मक लाभ कमी झाला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

मर्यादा

उच्च विभवांतर आणि मिश्रणाचे धुरकटणे यांचा उल्लेख वर आला आहे. त्याखेरीज वापरासोबत येणारा थकवा आहे. प्रत्येक लेखनात काही संवेदक रेणू इलेक्ट्रॉन धरून बसतात; त्यांची संख्या वाढत गेली की सापळे वाढतात, विवरांची वाटचाल मंदावते आणि जुना थर नव्यापेक्षा हळू लिहू लागतो. पुरेशा शक्तीचा स्पंद लेसर महाग असतो. त्याचा किरण डोळ्यांना घातक असल्याने लेखनाची बाजू प्रेक्षकांपासून बंदिस्त ठेवावी लागते. होलोग्राम वाचण्यासाठी मात्र साधा एलईडी दिवाही चालतो.

आणखी एक कोंडी तत्त्वाचीच आहे. ज्या प्रकाशाने चित्र लिहिले जाते, त्याच रंगाचा प्रखर प्रकाश ते वाचताना पुसूनही टाकतो. त्यामुळे थर ज्याला कमी संवेदनशील आहे, अशा दुसऱ्या रंगाने चित्र वाचावे लागते. पूर्ण रंगी चित्रासाठी तीन रंगांचे होलोग्राम एकाच थरात वेगवेगळ्या कोनांतून नोंदवतात, तेव्हा उपलब्ध अपवर्तनांक-बदल तिघांत वाटला जातो आणि प्रत्येक रंग फिका पडतो.

'होलोग्राम' शब्दाचा सैल वापर

भारतात २०१२ ची गुजरात विधानसभा निवडणूक आणि २०१४ ची लोकसभा निवडणूक यांत नरेंद्र मोदी यांच्या 'थ्रीडी होलोग्राम' सभा गाजल्या. त्यांत तिरक्या पारदर्शक पडद्यावर सपाट चलचित्राचे परावर्तन पाडले जाई. रंगभूमीवर एकोणिसाव्या शतकापासून वापरली जाणारी ही 'पेपर्स घोस्ट' युक्ती होय. दिल्लीत इंडिया गेटजवळ जानेवारी २०२२ मध्ये अनावरण झालेली सुभाषचंद्र बोस यांची 'होलोग्राम' प्रतिमाही प्रक्षेपकाने पडद्यावर पाडलेली होती. अशा प्रतिमांत व्यतिकरणाची नोंद नसते आणि प्रेक्षक बाजूला सरकला तरी त्याला आकृतीची दुसरी बाजू दिसत नाही. डेनिस गॅबॉर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या आणि १९७१ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरवलेल्या होलोग्राफीत तरंगाची तीव्रता आणि कला या दोन्हींची नोंद होते. प्रकाश-अपवर्ती बहुवारिकावरील प्रतिमा या काटेकोर अर्थाने होलोग्राम असते. केवळ तिचे आयुष्य मिनिटा-तासांचे असते.